मागचा आवाज काढून टाकावा

पुण्यात एका मोठ्या चर्चच्या सभागृहात भिंतभर नकाशा लावलेला आहे. ज्या भाषेत बायबल अजून पोचलं नाही तिथे लाल टाचणी, पोचलं तिथे हिरवी. दर वर्षी सुगीच्या सणाला एखादी लाल टाचणी उपटून तिथे हिरवी खोचतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात आणि मग बिर्याणी असते. गेल्या खेपेला जी टाचणी हिरवी झाली ती आमच्या वेल्ह्याच्या डोंगरातली. त्या कामात माझाही हात होता म्हणून मला एक काचेचं मानचिन्ह मिळालं. ते मी मोगऱ्याच्या कुंडीखाली सारलं आहे. कुंडी पूर्वी डुगडुगायची, आता नाही डुगडुगत.

मी भोरची. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आहे आणि मास्तरकी आजोबांपासून. मी स्वतः तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पोरांच्या ऱ्हस्वदीर्घांवर लाल शाईने गोल काढण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर गोल काढायला काही उरलं नाही, तेव्हा मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या निवेदनांवर काढायला लागले. भोरमधली आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडी. रविवारी चार बाक भरले तरी पाळकसाहेबांना गहिवरून येतं, आणि त्या गहिवरात ते जे लिहितात त्याला मी शुद्धलेखनाच्या चुका दाखवायचे. मला कुठेतरी गुंतवल्याशिवाय सुटका नाही हे त्यांनी ओळखलं असणार. एका रविवारी उपासना संपल्यावर म्हणाले, "बाई, पुण्याच्या एका मंडळीने आपल्या भागातली एक भाषा दत्तक घेतली आहे. त्यांना तपासणीसाठी जाणकार माणूस हवंय."

भाषा दत्तक! पोरकं पोर दत्तक घेतात हे ऐकलं होतं. शेकडो वर्षं डोंगरात सुखाने नांदणाऱ्या भाषेला पुण्याच्या लोकांनी मांडीवर घ्यायचं म्हणजे काय? त्या भाषेला कुणी विचारलं होतं का? पण हे सगळं मी आज म्हणते आहे. त्या दिवशी मी फक्त "जाणकार" हा शब्द ऐकला आणि गुळाच्या खड्यासारखी विरघळले.

योजनेचे प्रमुख म्हणून जे साहेब आले ते पन्नाशीचे, गोड बोलणारे, आणि हाताला सतत काहीतरी चोळून निर्जंतुक होणारे. नसरापूरला हमरस्ता सोडून गाडी आत वळली तसं त्यांचं व्याख्यान सुरू झालं. माणसाच्या काळजाची भाषा एकच, ती आईची. त्या भाषेत देवाचा शब्द ऐकला की माणूस कसा हेलावून जातो. जगात एकही भाषा उपाशी राहता कामा नये. मग त्यांच्या लेकीचा फोन आला आणि विंझर येईपर्यंत ते तिच्याशी इंग्रजीत बोलत होते. तिला मराठी अजिबात जमत नाही, असं त्यांनीच नंतर कौतुकाने सांगितलं. त्यांच्या काळजाची भाषा कुठली, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गाडी त्यांची होती म्हणून गिळलं.

विंझरच्या पुढे एका फाट्यावर गाडी ठेवायची आणि अर्धा तास चढायचं, की कातकऱ्यांची वाडी. अठरावीस घरं. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. मागे राहतात ती म्हातारी माणसं, शेळ्या आणि शेळ्यांमागची एकदोन माणसं. ही माणसं आपसात कातकरी बोलीत बोलतात आणि आमच्यासारख्यांशी मराठीत. त्यांच्यात ख्रिस्ती कुणी नव्हतं, आजही नाही. त्यांचे देव त्यांच्याजवळ आहेत आणि त्यांनी आमच्या देवाला कधी नावं ठेवली नाहीत. आमच्या देवासाठी कुणी इतकं चढून येतं याचंच त्यांना नवल वाटत होतं.

काम असं होतं. कोकणच्या बाजूच्या दोन शिकलेल्या कातकरी तरुणांनी बायबलातल्या गोष्टी त्यांच्या बोलीत लिहून दिल्या होत्या. वाडीत वाचता येणारं कुणी नाही, तेव्हा त्या गोष्टी कुणाकडून तरी सांगवून घ्यायच्या, ध्वनिमुद्रित करायच्या आणि साबणाच्या डबीएवढ्या, उन्हावर चालणाऱ्या पेट्यांत भरून घरोघर द्यायच्या. मी ते मुद्रण लोकांना ऐकवायचं आणि त्यांना कळतंय की नाही ते एका छापील तक्त्यात लिहून पाठवायचं. बोली मला निम्मीशिम्मी कळायची. तेवढ्यावर मी जाणकार.

"गोष्ट कोण चांगली सांगतं?" म्हणून विचारलं तर सगळ्यांनी एकाच घराकडे बोट केलं. दारात एक म्हातारी मिसरी लावत बसली होती. अंगाने चिमणीएवढी, पण आवाज असा की समोरच्या उतारावरची शेळी मान वर करील. साहेबांनी तिला काळजाची भाषा वगैरे समजावलं. ती तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "सांगीन की. पर म्हातारा संगं बसंल."

"बसू देत ना," साहेब म्हणाले. "शांत बसतील ना पण?"

"शांत कसा बसंल? त्यो हूं देनार."

आमच्याकडेही पूर्वी होतं हे. एकाने गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्यांतल्या एकाने प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. आता आमच्या घरात गोष्टी मोबाईल सांगतो आणि त्याला कुणाच्या हूंची गरज पडत नाही. वाडीत मात्र हूं देणारा नसेल तर सांगणारी तोंडच उघडत नाही. या म्हातारीला लग्न झाल्यापासून एकच माणूस हूं देत आला होता, तिचा नवरा. तो भिंतीला पाठ लावून, गुडघ्यावर पंचा टाकून बसायचा. डोळ्यांनी जवळजवळ दिसायचं नाही आणि छाती भात्यासारखी वाजायची. तो गोष्टीत दुसरं काहीही बोलायचा नाही.

पहिल्या दिवशी साहेब मंडळी यंत्रं लावत होती तेवढ्यात मी उगाच हुशारी केली. कागदावरची एक गोष्ट मीच म्हाताऱ्याला वाचून दाखवली आणि माझ्या मोबाईलवर मुद्रित केली. त्याला प्रश्नही विचारले. तो प्रत्येकाला "हूं" म्हणाला. नंतर मला सांगण्यात आलं की सांगणाऱ्याच्या घरातलं माणूस चाचणीला चालत नाही. मोबाईल पिशवीत टाकला आणि ते विसरून गेले.

ती गोष्ट एका विधवेची आहे. गावात एक न्यायाधीश असतो, देवाला न भिणारा आणि माणसाची पर्वा न करणारा. ही बाई रोज त्याच्या दारात जाते, मला न्याय दे म्हणते. तो हाकलतो. ती परत येते. शेवटी तो कंटाळून तिचं काम करून टाकतो. म्हातारीला ही गोष्ट ऐकवली तेव्हा ती मांडीवर थाप मारून हसली. "असला सायेब म्या बगितलाय," म्हणाली. "पर बाई लई चिकाट. मला आवडली." आमच्या मंडळीत मी चाळीस वर्षं उपदेश ऐकते आहे. त्या गोष्टीवर इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कामाला हात लावण्याआधी म्हातारीने मला बाजूला घेतलं. तिची एक अट होती. तिची लेक सारोळ्याच्या बाजूला एका वीटभट्टीवर असते. एक पेटी तिला द्यायची.

"म्हातारा लई खोकतोय, बाई," ती म्हणाली. "फुडल्या पावसाला असंल, नसंल. पोरीनं ल्हानपनी जसं आयकलं तसं तिला आयकाया मिळावं. माझं सांगनं आन ह्येचं हूं. दोगांचं बी ऱ्हाईल ना त्येच्यात?"

"हो हो, राहील की," मी म्हटलं. मी तेव्हा चपलेत गेलेला खडा काढत होते. वर पाहिलंसुद्धा नाही.

पुढे आठवडाभर मुद्रण झालं. म्हातारी सांगायची, थांबायची, म्हातारा "हूं" म्हणायचा, की पुढचं वाक्य. कधी त्याला खोकला आला तर ती थांबून राहायची. खोकला आटोपून तो हूं द्यायचा आणि मगच गोष्टीतली बाई न्यायाधीशाच्या दारात पाऊल टाकायची. यंत्रावरचा पोरगेला इंजिनीअर मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा. तिला त्याचं काही नव्हतं.

मग माझी चाचणी. नियम असा की ज्याने गोष्ट आधी ऐकली नाही अशालाच ऐकवायची. साहेबांच्या भाषेत त्याला 'कोरा कान' म्हणायचं. अठरा घरांत, त्यातली निम्मी रिकामी, कोरा कान किती दिवस टिकणार? सकाळी एकीला ऐकवलं की पाणवठ्यावर ती चौघींना सांगून मोकळी. दुपारपर्यंत विधवेचा न्याय शेळ्यांनासुद्धा माहीत. पुण्यात बसून ज्यांनी हा नियम केला त्यांनी वाडी कधी पाहिली नसावी. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार!

पण निकाल मात्र उत्तम येत होते. ज्याला पेटी ऐकवावी तो प्रत्येक वाक्याला मान डोलावून "हूं" म्हणायचा. मी तक्त्यात 'श्रोत्याचा प्रतिसाद' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'समजले'. पुढचं वाक्य, हूं, 'समजले'. पानं भरली. साहेबांचा फोन यायचा, "बाई, कमाल आहे! इतकं आकलन आम्ही कुठेच पाहिलं नाही." मी आमच्या पाळकसाहेबांना हे सहज बोलण्याच्या ओघात चारदा सांगितलं.

आणि मग पाहुणे आले. त्या मोठ्या मंडळीतले सहासात वडीलधारे लोक आपली दत्तक भाषा बघायला आले, जसे लोक राजगड बघायला येतात तसे. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पांढरेशुभ्र बूट. मला त्यांच्यापुढे चाचणी करून दाखवायची होती. मी माझा सगळ्यात गुणी श्रोता निवडला, एक चाळिशीतला शेळीवाला. त्याचा हूं कधी चुकायचा नाही. त्याच्यासाठी मुद्दाम न ऐकवलेली गोष्ट राखून ठेवली होती, हरवलेलं नाणं शोधायला सगळं घर झाडून काढणाऱ्या बाईची. पेटी लावली. त्याने एकापाठोपाठ एक असे खणखणीत हूं दिले. मी पाहुण्यांकडे असं बघितलं की जणू तो माझाच विद्यार्थी बोर्डात आला आहे.

पाहुण्यांत एक म्हातारी बाई होती, जरा कमी ऐकू येणारी. तिने अगदी साधेपणाने त्याला विचारलं, "मग सापडलं का हो त्या बाईला?"

"कोनच्या बाईला?" तो म्हणाला.

"गोष्टीतल्या."

"त्ये न्हाई मला म्हाईत. म्या शेळ्यांकडं बगत व्हतो. ती काळी लई दांडगी हाय, शेतात घुसती."

पाहुणे हसले. साहेबही हसले, पण त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात हसू नव्हतं. मी त्याच्यावर जवळजवळ ओरडलेच, "अहो, मग हूं कशाला म्हणत होता इतका वेळ?"

तो गोंधळला. एवढ्या शिकलेल्या बाईला हे सांगावं लागतंय याचं त्याला वाईट वाटलं असावं. "बाई, हूं दिला न्हाई तर सांगनाऱ्यानं कुनाला सांगायचं?" तो म्हणाला. "भितीला?"

तर माझी ती सगळी पानं म्हणजे वाडीतल्या लोकांच्या शिष्टाचाराची नोंदवही होती. दारात आलेल्याला पाणी द्यावं तसा त्यांनी मला हूं दिला होता आणि मी त्यावर 'समजले' असा शिक्का मारून पुण्याला पाठवत होते. पुढे मी सगळ्यांना परत प्रश्न विचारत फिरले. बहुतेकांना गोष्टी नीट कळल्या होत्या. म्हातारीच सांगत होती म्हटल्यावर कळणार नाहीत तर काय! पण माझं नाक कापलं गेलं होतं ते गेलंच. पांढऱ्या बुटांच्या लोकांपुढे.

पाहुणे आले त्याच संध्याकाळी एसटीत बसून मी पुण्याच्या मुद्रणवाल्यांना मोबाईलवर एक पत्र लिहिलं. ते मला पाठ आहे. "निवेदिकेच्या मागे येणारा पुरुषाचा हुंकार अनावश्यक असून श्रवणात व्यत्यय आणतो. तरी मागचा आवाज काढून टाकावा." एकही चूक नाही. अनुस्वार जागच्या जागी. मला त्या हूंचा राग आला होता, दुसरं काहीही कारण नव्हतं. म्हातारीला मी शब्द दिला होता हे ते पत्र लिहिताना मला आठवलं नाही, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण मला आठवलं होतं. एक म्हातारी, तिला काय कळणार आहे, असं मी मनात म्हटलं आणि बोट दाबलं.

होळीच्या आधी आठ दिवस म्हातारा गेला. मला ते एका वेल्ह्याच्या कंडक्टरकडून कळलं. मी भेटायला गेले नाही. गुडघा दुखतोय असं मी घरी सांगितलं.

वैशाखात पेट्यांचं लोकार्पण झालं. वाडीच्या खळ्यात मांडव घातला होता, साबणाच्या डबीएवढ्या पेटीला लाल फीत बांधली होती आणि ती कापायला पुण्याहून दोन गाड्या माणसं आली होती. म्हातारीला नवी साडी दिली होती. तिच्या शेजारी तिची लेक बसली होती, भट्टीवर खाडा करून पहाटेच्या एसटीने आलेली, हातापायांच्या भेगांत विटांची माती. म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी पुढे गेले तशी लेकीला म्हणाली, "ह्या त्या बाई. तुजा बा ठेवलाय ह्येंनी पेटीत." लेकीने वाकून माझ्या पायांना हात लावला.

प्रार्थना झाली. साहेबांनी काळजाच्या भाषेविषयी मराठीत भाषण केलं, अधूनमधून इंग्रजीत. मग बटण दाबलं.

आवाज स्वच्छ होता, हे कबूल करायला हवं. आरशासारखा. खोकला नाही, कोंबडा नाही, वारा नाही. म्हातारी बोलत होती आणि बोलतच सुटली होती, कारण हूं कापल्यावर मधल्या मोकळ्या जागाही त्यांनी जोडून टाकल्या होत्या. ती विधवा न्यायाधीशाच्या दारात श्वास न घेता जात-येत होती. खळ्यातली माणसं आधी गप्प ऐकत होती. मग चुळबुळ सुरू झाली. शेळीवाल्याने सवयीने एकदा हूं दिला, पण पेटी त्याच्यासाठी थांबली नाही, त्याच्या हूंवरून पुढे गेली. तो ओशाळला. मागून एक बाई हळूच म्हणाली, "ही सांगतीया कुनाला?"

लेक पेटीकडे बघत होती. तिने आईला विचारलं, "बा कुटं हाय?"

म्हातारीने पुढे होऊन पेटी उचलली. कानाला लावली. उलटी केली, मागची बाजू बघितली, परत कानाला लावली. मग माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला वाटलं माझ्याकडे दुसरी पेटी आहे, ज्यात तो आहे. "बाई, म्हातारा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बघते." तीस वर्षं मुलांना सांगितलं, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. साहेब म्हणत होते, "किती क्लिअर आलंय बघा!" आणि तिचा पेटी कानाला लावलेला फोटो कुणीतरी काढला. तोच फोटो पुढे सुगीच्या सणाच्या निमंत्रणावर होता. खाली लिहिलं होतं, 'स्वतःच्या भाषेत प्रथमच ऐकताना'. स्वतःच्या भाषेत प्रथमच! त्या बाईने उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाच्या भाषेत गोष्ट ऐकली होती?

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले. साहेब म्हणाले, त्या भाषेचं काम पूर्ण झालं आहे, आता आपण पुढच्या भाषेकडे वळलो आहोत. मी म्हटलं, मला मूळ मुद्रण हवं आहे, कापण्याआधीचं. त्यांनी मला त्या पोरगेल्या इंजिनीअरकडे धाडलं. तो चांगला मुलगा होता. त्याने अर्धा तास संगणकात शोधलं आणि मग सांगितलं की काम संपलं की मूळ मुद्रण पुसतात, जागा लागते; चाचणीची पेटीही पुसून तिच्यात नवं भरलं होतं. मी भांडले. जन्मभर वर्गात वापरलेला आवाज वापरला. म्हटलं, एका माणसाचा आवाज असा परस्पर कुणाला विचारून काढलात? त्याने पडदा माझ्याकडे वळवला. माझंच पत्र होतं. एकही चूक नसलेलं.

"तुमच्याच सूचनेप्रमाणे, मॅडम," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत कात्रजचा बोगदा गेल्यावर मला माझा मोबाईल आठवला. पहिल्या दिवसाची ती हुशारी. बारशाचे फोटो, लोणच्याच्या बरण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, असं सगळं मागे सारत गेले आणि ते सापडलं. साडेसात मिनिटं. मी कानाला लावलं आणि मला माझीच लाज वाटली. मी वाचत होते ते असं की शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलीने पाठांतर म्हणावं. त्यांच्या बोलीतला प्रत्येक शब्द मी इस्त्री करून ठेवत होते. आणि प्रत्येक वाक्यानंतर, न चुकता, छातीच्या भात्यातून आलेला तो "हूं". मग माझे प्रश्न. "आजोबा, न्यायाधीश कसा होता?" हूं. "त्या बाईने काय मागितलं?" हूं. "सांगा ना, काय कळलं तुम्हाला?" हूं.

त्यानंतरच्या बुधवारी मी वाडीवर गेले, या खेपेला कुणाच्या गाडीतून नाही. म्हातारी दारात बसली होती. फीत काढलेली पेटी कोनाड्यात होती, तिच्यावर मिसरीची डबी ठेवलेली. मी सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलं, हेही सांगितलं. ती मिसरी लावत राहिली. मग मी मोबाईल तिच्या कानाला लावला.

पहिल्या हूंला तिचं बोट तोंडातच थांबलं. साडेसात मिनिटं ती हलली नाही. संपलं तेव्हा म्हणाली, "परत." तीनदा ऐकलं. मग पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, किती वंगाळ सांगता तुमी."

"हो," मी म्हटलं.

"लई वंगाळ. माजी शेळी उटून ग्येली असती." ती हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही, दोन्ही असावं. "तरी बी म्हाताऱ्यानं एक हूं चुकविला न्हाई बगा."

मी ते लेकीच्या मोबाईलवर पाठवून दिलं. आता तिच्याकडे पेटीत आई आहे, बापाशिवाय, आणि मोबाईलात बाप आहे, माझ्या आवाजाला हूं देणारा. दोघं एकत्र कुठेच नाहीत. ते एकत्र होते तेव्हा मी ते काढून टाकावं असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं.

निघायला उठले तर म्हातारीने माझा हात धरून खाली बसवलं. भिंतीपाशी, जिथे तो बसायचा त्या जागेवर. काही न विचारता तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली, तीच, त्या चिकाट बाईची. पेटीत आहे तशी नव्हती. यात न्यायाधीशाला ढेकर येत होते आणि त्या बाईच्या कडेवर पोर होतं. मी एका शब्दावर अडकले. तो पूर्वी कुठे ऐकलाय, मराठीत त्याला काय म्हणावं, असा विचार करत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की ती कधीची थांबली आहे. बाई न्यायाधीशाच्या दारात उभी होती आणि म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाई, हूं द्या की," ती म्हणाली. "म्या थांबलीया."